विचाराचा पंधरवडा

एकदा एक गाव होतं, आणि ते धुक्यात राहत होतं. तसं ते नदीकाठचं साधंच गाव, पण नदी अशी की सकाळचं धुकं दुपार कलली तरी उठायचं नाव घेत नसे. घरं दिसायची ती अर्धीच, वरची गवती छपरं तेवढी. खालचं सगळं पांढऱ्यात बुडालेलं. परगावचा माणूस प्रथम आला की त्याला वाटे, ही घरं जमिनीवर नाहीतच, कुणीतरी हवेत मांडून ठेवली आहेत. तिथल्या माणसांना त्याचं काही विशेष नव्हतं. ती आपली एकमेकांना आवाजावरून ओळखत, पुढच्या माणसाच्या खोकल्यावरून वाट धरत, आणि संध्याकाळी चुली पेटवत.

भीती होती ती या चुलींचीच. गवताचं छप्पर, कुडाच्या भिंती. एक ठिणगी उडाली की दोन घटकांत घराचं अंगण व्हायचं. म्हणून त्या गावातल्या धरमशेट नावाच्या व्यापाऱ्याने एक सोय काढली होती. सुगी झाली की ज्याला हवं त्याने त्याच्या कोठारात ठरलेलं भात घालायचं. मग पुढच्या सुगीपर्यंत ते घर जळो, वाऱ्याने उडो की पुराने जावो, ते पुन्हा उभं करून द्यायची जबाबदारी धरमशेटची. गावात याला घराची हमी म्हणत. आज आपण विमा म्हणतो. नाव बदललं, भीती तीच आहे.

बोली तोंडीच होई. दोघांनी समोरासमोर बसायचं, अटी बोलायच्या, आणि शेवटी एकाच ढेपेचा गूळ तोंडात घालायचा. गूळ खाल्ला की बोलणं संपलं.

त्या अटींत एक अट फार शहाणपणाची होती. धरमशेटच्या वडिलांनी ती घातली होती म्हणतात. बोली झाल्यावर पंधरा दिवस विचाराचे. घाबरून, घाईत किंवा शेजाऱ्याचं पाहून हमी घेतली असेल, तर त्या पंधरवड्यात माणसाने यावं आणि आपलं भात परत न्यावं. मात्र त्यातून तीन वाटे कापले जात. एक, जितके दिवस घर हमीखाली राहिलं तितक्या दिवसांचा. दुसरा, घर तपासायला आलेल्या सुताराच्या मजुरीचा. आणि तिसरा, मन बदलल्याचा. हा तिसरा वाटा धरमशेटने स्वतः वाढवला होता, आणि तो थेट निम्म्या भाताचा होता.

आता गंमत ऐका. ते विचाराचे दिवस त्या गावात कुणी कधी वापरलेच नव्हते. गूळ खाऊन मागे फिरणं म्हणजे शब्द फिरवणं, असं सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. 'गूळ खाऊन उठलेला' ही तिथली शिवी होती, आणि शिवी म्हणून ती आईबहिणीवरच्या शिव्यांहून वरची होती. म्हणजे बघा, दार घरालाच ठेवलेलं, कडी आतून, आणि आतली माणसं म्हणतात, आम्ही बाहेर कसे जाणार! धरमशेटला हे ठाऊक होतं का? होतं. तो लबाड नव्हता. पण आपल्या सोयीची गोष्ट माणूस फार निरखून पाहत नाही, एवढंच.

गावाबाहेर टेकाडावर एक वृद्ध राहत असत. गाव त्यांना गुरुजी म्हणे. सोबत एक तरुण शिष्य. गुरुजींजवळ सांगण्यासारखं धन काही नव्हतं, होता तो शब्द. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. लग्नाच्या बैठकीत कुणी टाळाटाळ करू लागला की समोरचा म्हणायचा, "हे असं नको, गुरुजींच्या शब्दासारखं सांगा."

एका सकाळी त्या टेकाडावर ठकूबाई आली. ही केरसुण्या बांधून विकणारी विधवा बाई, हाताने चलाख आणि जिभेने त्याहून. पण त्या दिवशी तिची जीभ जड झाली होती. ती पायरीवर बसली आणि म्हणाली, मला एक स्वप्न पडतंय, त्याचा अर्थ सांगा. रोज तेच स्वप्न. नदीवर धुकं. पलीकडच्या काठावर तिची मुलगी मैना उभी, पोट पुढे आलेलं, डोक्यावर बोचकं. ती म्हणते, आई, होडी पाठव. होडी ठकूबाईच्या पायाशीच आहे, पण भाताने काठोकाठ भरलेली, माणसाला जागाच नाही. भात उतरवून घ्या असं कुणाला तरी ओरडून सांगायचं, तर तोंडात गूळ आहे आणि तो विरघळतच नाही.

गुरुजींनी स्वप्नाचा अर्थ सांगितला नाही. त्यांनी मैनेची चौकशी केली. तेव्हा हळूहळू सगळं बाहेर आलं. पलीकडच्या वाडीत आग लागली आणि दोन घरं गेली, त्या धसक्याने ठकूबाईने वर्षभर केरसुण्यांच्या बदल्यात जमवलेलं सगळं भात धरमशेटच्या कोठारात घातलं. आणि तिसऱ्याच दिवशी निरोप आला, मैनेला दिवस गेलेत, सातवा लागतोय, पहिलटकरीण आहे, माहेरी कधी नेता? आता घरात भाताचा दाणा नाही. डिंक, खारीक, तूप कशाच्या बदल्यात आणायचं? सुईणीच्या ओटीत काय घालायचं? सासरी तिचं करायला कुणी नाही. गेल्या साली त्याच घरात तिची जाऊ बाळंतपणात गेली.

शिष्याने मध्येच विचारलं, मग विचाराचे दिवस संपलेत का? नव्हते संपले. आठवडा उरला होता. पण ठकूबाईने दोन्ही कानांना हात लावले.

"गूळ खाल्लाय मी, बाबा. शब्द फिरवणाऱ्या बाईच्या लेकीच्या बाळंतपणाला कोणती सुईण पाऊल टाकील?"

शिष्याने मग झोपडीतलं आपलं भात देऊ केलं. त्यावर ती उठलीच. भिक्षा मागणाऱ्यांच्या ताटातलं काढून नेण्याइतकी मी अजून खाली गेलेली नाही, असं काहीसं ती बोलली आणि धुक्यात उतरून गेली. बराच वेळ तिच्या जोडव्यांविना पावलांचा आवाज तेवढा येत राहिला, आणि मग तोही नदीच्या आवाजात मिसळला.

गुरुजी पुष्कळ वेळ नदीकडे पाहत बसले. दुपारी त्यांनी शिष्याला सांगितलं, आपलं भाताचं पोतं खांद्यावर घे, धरमशेटकडे जायचंय.

शिष्याला वाटलं, ठकूबाईची रदबदली करणार. पण कसलं काय! गुरुजी धरमशेटसमोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, माझ्या झोपडीची हमी घ्यायची आहे. धरमशेटचा आनंद गगनात मावेना. ज्याचा शब्द गावात मोडत नाही, तो माणूस आपल्या दारी! अटी बोलल्या गेल्या, विचाराचे दिवस बोलले गेले, तिन्ही वाटे बोलले गेले, आणि दोघांनी गूळ खाल्ला. संध्याकाळी सुतार झोपडी तपासायला आला. ती इतकी ठेंगणी की तो वाकूनच सगळीकडे फिरला. मेढी ठोकून पाहिल्या, चूल कुडापासून हातभर पुढे ओढायला लावली, आणि घरात मौल्यवान काय आहे असं रीतीप्रमाणे विचारलं. गुरुजी म्हणाले, एक घागर, दोन घोंगड्या आणि हा शिष्य. शिष्याला काही हसू आलं नाही. पोतं गेल्यामुळे त्या दिवसापासून पातळ पेज सुरू झाली होती. पेज इतकी पातळ की तीत आपलं तोंड दिसावं.

चार दिवसांनी बाजार भरला. धुक्यात बाजार म्हणजे नुसते आवाज: कुठे कोंबडं, कुठे तराजूची साखळी, कुठे कुणाचं तरी हसणं, आणि जवळ गेलं की त्या आवाजाला एकदम चेहरा फुटायचा. धरमशेट कोठाराच्या ओट्यावर बसला होता. शेजारीच ठकूबाई केरसुण्या मांडून बसली होती. गुरुजी काठी टेकत आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात म्हणाले,

"धरमशेट, माझं मन बदललं. हमी परत घे आणि माझं भात दे."

तराजूची साखळी वाजायची थांबली. शिष्याने मान खाली घातली; धरणी दुभंगावी आणि आपण आत जावं, असं त्याला झालं.

धरमशेट गडबडला. तो घाईघाईने म्हणाला, गुरुजी, तुमच्याकडून काय कापायचं? पोतं जसंच्या तसं घरी पोचवतो, आणि हे बोलणं इथेच राहू द्या.

"का म्हणून?" गुरुजी ओट्यावर बसले. "तुझा सुतार वाकून वाकून माझी झोपडी बघून गेला. त्याची पाठ फुकट दुखली का? त्याची मजुरी घे. आणि हे चार दिवस माझं छप्पर तुझ्या जिवावर होतं. वारा सुटला असता तर तू धावला असतास. त्याचंही घे."

धरमशेटने पोतं सोडलं, माप घेतलं आणि ते दोन वाटे मोजून बाजूला काढले. दोन्ही मिळून ढीग एवढासा झाला. कोंबडीने दुपारभर टिपावा एवढा.

"आता तिसरा. निम्मं भात. बोलीत आहे ते, तेव्हा मी देणारच. फक्त कशाचं देतोय ते सांग."

"मन बदलल्याचं, गुरुजी."

"मन माझं बदललं. त्यात तुझं काय गेलं? जे गेलं असेल त्याचं नाव घे, आणि माप भर."

धरमशेट म्हणाला, हे नसेल तर लोक सकाळी येतील आणि संध्याकाळी परत जातील, माझा धंदा बसेल. गुरुजींनी विचारलं, आजवर किती जण परत गेले? धरमशेटला आठवून पाहायचीही गरज नव्हती. कुणीच नाही. गुरुजी नुसते बसून राहिले. धरमशेटने माप भातात घातलं, बाहेर काढलं, पुन्हा घातलं. भात मापातून सांडून परत पोत्यात पडत राहिलं. भोवतीची माणसं धुक्यात उभी, फक्त त्यांचे श्वास ऐकू येत होते. धरमशेट हिशेबाचा पक्का होता आणि हिशेबाच्या पक्क्या माणसाला एक सवय असते: ज्या रकमेला नाव नाही ती त्याला बोचते. शेवटी त्याने माप पालथं घातलं.

"नाव सापडत नाही, गुरुजी. इतकी वर्षं बोलीत म्हणत आलो, पण सापडत नाही. ज्याचं नाव सापडत नाही ते घेऊ कसं? तुमच्याकडून नाही आणि यापुढे कुणाकडूनच नाही."

गुरुजींनी मान हलवली, पोतं शिष्याच्या खांद्यावर चढवलं आणि दोघे टेकाडाकडे निघाले. मागे बाजार पुन्हा बोलू लागला. तो काय बोलत होता ते शिष्याला ऐकू येत होतं. म्हातारचळ लागला. गुरुजीसुद्धा? अरे, गुरुजीसुद्धा गूळ खाऊन उठले! कुणीतरी हसलं. शिष्याचे कान तापले. इतका राग त्याला आयुष्यात आला नव्हता आणि त्या रागाखाली रडू होतं, कारण या माणसाच्या शब्दासाठीच तो घर सोडून आला होता.

झोपडीत पोचल्यावर त्याने पोतं आदळलं.

"तुमचा शब्द गेला, गुरुजी. चाळीस वर्षांचा शब्द चार दिवसांत गेला. कशासाठी? पोतं नेलं, पोतं आणलं, वर भात कमीच झालं!"

गुरुजींनी त्याला शेजारी बसवलं. खाली गाव दिसत नव्हतं, नुसती छपरं तरंगत होती.

"ठकूबाईचं भात कोठारात अडकलं नव्हतं रे," ते म्हणाले. "ते तर पहिल्या दिवसापासून मोकळं होतं. अडकली होती ती. दार उघडं आहे असं तू तिला सांगितलंस. ऐकलं का तिने? सांगून कुणी बाहेर पडत नाही, बाळा. कुणीतरी आधी बाहेर पडून दाखवावं लागतं. आणि ज्याच्या शब्दाला मुळात किंमतच नाही असा कुणी पडला असता, तर लोक म्हणाले असते, हा काय, असलाच आहे. गावाने इतकी वर्षं माझ्या नावावर विश्वास साठवला. तो मी काय चितेवर घेऊन जाऊ?"

शिष्याने विचारलं, तसं असेल तर धरमशेट सगळं फुकट परत देत होता, ते का नाही घेतलं?

"ती सवलत गुरुजींना होती. केरसुण्यावालीला ती कुणी दिली असती? जे मला मिळेल ते तिलाही मिळायला हवं होतं. आणि दुसरं ऐक. फुकट परत घेणारा ओशाळा होतो. निम्मं टाकून येणारा लुटला जातो. जो समोरच्याचं जे खरंच खर्च झालं तेवढं मोजून देतो, त्याने शब्द मोडलेला नसतो. विचाराचे दिवस हेही त्या बोलीतच होते ना? मग तो शब्द पुरा करून उठतो. मान वर ठेवून."

"पण हे तिला कळलंच नाही तर?"

"कळायला कशाला हवं?" गुरुजी म्हणाले. "ती गेली म्हणजे झालं."

पण ती जाईल की नाही, हे कुणाला ठाऊक? दुसरा दिवस गेला, ठकूबाई गेली नाही. त्याच्या पुढचाही कोरडाच गेला. शिष्य रोज सकाळी काही ना काही निमित्त काढून बाजारात जायचा, आणि ठकूबाई तिथे केरसुण्या बांधत बसलेली असायची, धरमशेटच्या ओट्याकडे पाठ करून. तिची मुदत संपायच्या दिवशी धुकं असं दाट पडलं की हात पुढे केला तर बोटं दिसेनात. शिष्य ओट्यापाशी उभा राहिला. दुपार झाली. कुणी आलं नाही. आता मैना सासरीच राहणार, असं त्याच्या मनात आलं. तो वळणार इतक्यात अगदी जवळून, पांढऱ्यातून, एक आवाज आला. आवाज कापत होता, पण शब्द स्वच्छ होते.

"शेट, सुताराचं किती झालं आणि दिवसांचं किती झालं, ते कापून घ्या. बाकीचं माझं मला द्या."

धरमशेटने एक शब्दही न विचारता माप हातात घेतलं. भात पडल्याचा आवाज शिष्य धुक्यात उभा राहून ऐकत होता. त्याला कुणी पाहिलं नाही ते बरंच झालं, कारण त्याचे डोळे वाहत होते.

मैना होडीतून माहेरी आली. बाळंतपण जड गेलं, पण सुईण जाणती होती आणि ठकूबाई दोन दिवस लेकीच्या उशाशी बसून होती. मुलगी झाली. दोघी सुखरूप. त्या साली आणखीही काहीजण आपल्या विचाराच्या दिवसांत धरमशेटकडे जाऊन भात घेऊन आले आणि आभाळ काही कोसळलं नाही. उलट पुढच्या सुगीला त्याच्या ओट्यावर कधी नव्हती एवढी रीघ लागली. जिथून परत येता येतं तिथे जायला माणूस बिचकत नाही. त्या रांगेत ठकूबाईही होती, नात काखेत घेऊन. लेकरू घरात आल्यावर छपराची काळजी वाढते.

पण ही नंतरची गोष्ट. त्याआधी नातीचं बारसं झालं तेव्हा ठकूबाई पानात घुगऱ्या घेऊन टेकाडावर आली होती. गुरुजी उन्हाच्या एका तुकड्यात बसले होते. तिने पान त्यांच्यासमोर ठेवलं, नमस्कार केला, आणि परत निघताना शिष्याला खूण करून बाजूला बोलावलं. चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती.

"गुरुजींकडे जरा लक्ष ठेवत जा, बाबा," ती हलक्या आवाजात म्हणाली. "नावं ठेवत नाही मी. पण एवढा शब्दाचा माणूस, आणि चार दिवसांत मन फिरलं. आधी कधी असे होते का ते? वय झालं रे. देवाची करणी बघ, त्यांची बुद्धी चळली आणि माझ्या लेकीचं निभावलं. पण जीव तुटतो त्यांच्याकडे बघून."

शिष्याच्या ओठांवर सगळं आलं. एक वाक्य बोललं असतं, तर गुरुजींचं नाव संध्याकाळच्या आत गावात पुन्हा पूर्वीसारखं झालं असतं. आणि ही बाई पुन्हा कुणाच्या तरी उपकाराखाली गेली असती. त्याने गुरुजींकडे पाहिलं. ते ऐकत होते की नाही कोण जाणे. घुगऱ्यांचा एकेक दाणा तोंडात टाकून ते सावकाश चावत होते.

"हो मावशी," शिष्य म्हणाला, "वय झालंय त्यांचं. मी ठेवतो लक्ष."